अनुभव धागा: पांढरे केस, डाय आणि लोकांच्या नजरा

पुरुषाच्या कानशिलावर पांढरे केस आले की तो भारदस्त दिसतो, बाईच्या भांगात दिसले की 'अगं, स्वतःकडे लक्ष दे जरा'. रंगवणारे आणि सोडून दिलेले, दोघांनीही नेमकं लिहा. 'छान दिसतेस' नको.

मेथीदाणा
'काळी मेंदी' म्हणजे बहुतेकदा पीपीडी (केस काळे करणारं रसायन) घातलेला डायच. मेंदीच्या पानातून तांबूस-नारिंगी रंगच निघतो, काळा येणार कुठून? दर वेळी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबा. वर्षानुवर्षं चाललेला डायही अचानक उठतो: टाळूला खाज, कपाळावर पुरळ, पापण्या सुजून डोळे मिटतात. एकदा ॲलर्जी झाली की सहसा जन्मभराची. मग पीपीडी असलेला कुठलाही ब्रँड नको.

आडकित्ता
डाय नको त्यांनी मेंदी-नीळ करावी (इंडिगोच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे!). खांद्यापर्यंतच्या केसांना दोन्हींची साधारण शंभर-शंभर ग्रॅम पूड लागते. आधी मेंदी: रात्री भिजवा, सकाळी केसांना लावून दोन-तीन तास ठेवा, मग नुसत्या पाण्याने धुवा. तेल लावलेल्या केसांवर रंग चढत नाही. त्यानंतर नीळ. ती मात्र आयत्या वेळी कोमट पाण्यात कालवा, चिमूटभर मीठ घाला, दहा-पंधरा मिनिटांनी लावा. भिजत ठेवली की तिची ताकद जाते. तासा-दीड तासाने धुवा, दोन दिवस शांपू नको. धुतल्यावर हिरवट झाक दिसते, घाबरू नका, हवेने रंग गडद होतो. मेंदीशिवाय नुसती नीळ लावली तर पांढरे केस निळसर दिसतात.

चिंचोका
मेंदीच्या पाकिटात धातूचे क्षार असले आणि वर पार्लरमधलं पेरॉक्साइड (डाय-ब्लीचमध्ये मिसळतात ते रसायन) लागलं, तर केस तापतात, तुटतात. पार्लरवालीला आधीच सांगा, आणि चार केसांवर करून बघायला लावा.

गुळवेल
डाय सोडायचा तर हिशेब सोपा: केस महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंत यायला दोनेक वर्षं. पहिले सहा महिने भांगाशी दुरंगी पट्टा दिसतो, आणि लग्नकार्यात नेमकं तेव्हाच 'आजारी होतीस का?' विचारतात. भांग नागमोडी पाडला की पट्टा लपतो. केस कापून घेतले तर वाट निम्मी होते. पिवळट झाक आली तर आठवड्यातून एकदा जांभळा शांपू, दोन-तीन मिनिटंच. जास्त ठेवला तर केस जांभळट होतात.

मेथीदाणा
एक राहिलं. विशीतच भराभर पिकत असतील तर तेलं बदलत बसण्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या.