इन्फ्लमेशन (शरीरातला दाह, सूज) कमी करायला आहारात काय बदललं? टिकलेलेच बदल लिहा

आठ दिवसांची पथ्यं नकोत. वर्षभर पाळता येतील असे बदल, प्रमाणासकट लिहा. कुठे फसतं तेही येऊ द्या.

वाटाणा
फायबरपासून (धान्य-भाज्यांतल्या चोथ्यापासून) सुरुवात करा, पण घाई नको. लक्ष्य दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, वाढ मात्र आठवड्याला पाचच ग्रॅम. एकदम वाढवलं की पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी "मला कडधान्यं सोसत नाहीत" म्हणून मोकळा होतो. खरं तर मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो. हेच जिवाणू फायबर आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. कडधान्यं ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात अगदी मऊ शिजवा. दिवसभरात पाणीही वाढवा, नाहीतर उलट पोट साफ होत नाही.

काचेची बरणी
जवस अख्खा खाल्ला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. दळून घ्या. एक मोठा चमचा म्हणजे साधारण ७ ग्रॅम, त्यात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ (दाह कमी करण्यासाठी घेतली जाणारी चरबी). दळलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून आठवड्यापुरताच दळायचा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवायचा. झाकण उघडल्यावर रंगाच्या डब्यासारखा वास आला की फेकून द्या. (तैलरंगात जवसाचंच तेल असतं, नाक बरोबर ओळखतं.)

गळ
जवसाचं प्रमाण बरोबर, पण त्यातल्या ओमेगा-३ पैकी फारच थोड्याचं शरीर ईपीए आणि डीएचए (माशांत थेट मिळणारे ओमेगा-३चे प्रकार) बनवतं. मासे चालत असतील तर तारली, बांगडा, सामन यांपैकी काहीतरी आठवड्यातून दोनदा, न तळता. गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल तर तारली जपून. त्यात प्युरिन भरपूर, त्याचं शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं आणि ते चढतं.

मोजपट्टी
सीआरपीवरून (दाह दाखवणारी रक्ततपासणी) फरक बघणार असाल तर सर्दी-ताप किंवा हिरड्या सुजलेल्या असताना रक्त देऊ नका. हृदयविकाराच्या जोखमीच्या हिशेबाने हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (याच तपासणीचा जास्त बारीक मोजणारा प्रकार) १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली चांगला, ३ च्या वर जास्त. १० ओलांडला तर आहाराला बोल लावण्याआधी डॉक्टरांकडून संसर्ग तपासून घ्या. एकाच आकड्यावर जाऊ नका, दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

खलबत्ता
ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) सोडायचंय? आधी सिलिअ‍ॅकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी. सोडल्यावर तपासणीत शोधल्या जाणाऱ्या अँटिबॉडी उतरतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि निदान लटकतं.
हळदीत कर्क्युमिन (तिचा मुख्य घटक) जेमतेम ३ टक्के, तेही नीट शोषलं जात नाही. जेवणात खुशाल घाला, औषध समजू नका. कर्क्युमिनच्या गोळ्यांनी, विशेषतः मिऱ्याचा अर्क असलेल्या, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर या गोळ्या नकोतच. पालेभाज्या मात्र बंद करू नका आणि अचानक वाढवूही नका, कारण त्यातलं व्हिटॅमिन के वरखाली झालं की वॉरफरिनचा डोस बिघडतो.

खडीसाखर
३३० मिलिलिटर गोड शीतपेयात साधारण ३५ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. जवस दळायच्या आधी हे बंद करा. आणि संधिवाताच्या गोळ्या स्वतःहून सोडू नका.