मदत हवी: ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल गळतंय, चिखलणी तोंडावर आलीय

बारवीकाठ:
ट्रॅक्टरचं हायड्रॉलिकचं तेल गळतंय. शेडमध्ये लावला की सकाळी खाली थारोळं. तेल ओतून ओतून वैताग आलाय. गावातला मिस्त्री म्हणतो लिफ्ट (मागची अवजार उचलणारी यंत्रणा) पूर्ण उतरवायची, पंप आणि सिलिंडरचं किट नवीन टाकायचं. खर्च ऐकूनच थबकलोय. राबात पेरणी झालीय, पावसाने जोर धरला की चिखलणी. मी राहतो घणसोलीत, शेत बदलापूरच्या पुढे, त्यामुळे हातात फक्त शनिवार-रविवार. कुठलं सील बदलायचं तेवढं सांगा. लवकर.

वागळेफिटर:
ट्रॅक्टर कोणता? गळती कुठून? पोटाखालून, लिफ्टच्या झाकणाच्या कडेने, पीटीओ शाफ्टजवळून (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा दांडा) की चाकाजवळून? तेलाचा रंग काय?

बारवीकाठ:
मॅसी १०३५. वडिलांनी घेतलेला, जुना आहे. मागून गळतंय. रंग कशाला लागतो?

भातसा_पाटील:
आमच्याकडे हाच ट्रॅक्टर होता. पंप गेला होता. पंप बदलला, विषय संपला. मिस्त्री बरोबर सांगतोय, वेळ घालवू नका.

वागळेफिटर:
पाटील, या ट्रॅक्टरचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो. तो झिजला तर लिफ्ट कमजोर होते, पण तेल जमिनीवर येत नाही, आतल्या आतच राहतं. तुमची लिफ्ट उचलत नसणार.
बारवीकाठ, रंग अशासाठी विचारला: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेसारख्या घराच्या (बेल हाउसिंगच्या) खाली एक भोक असतं. तिथून काळं तेल आलं तर ते इंजिनचं, क्रँकच्या मागच्या सीलचं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट या तिघांचं तेल मात्र एकच. म्हणून मागे कुठेही ठिबकलं की लोक हायड्रॉलिक म्हणून मोकळे होतात.
आता एक सांगा. अवजार उचलून इंजिन बंद केलं तर लिफ्टचे हात हळूहळू खाली येतात का?

बारवीकाठ:
नाही. लिफ्ट एकदम टणक. रोटाव्हेटर रात्रभर वरच असतो.

कुळगावचा_मामा:
भाचा, आधी तो रोटाव्हेटर खाली टेकव! लिफ्टवर टांगून ठेवलेल्या अवजाराखाली कुणी वाकलं आणि लिव्हरला धक्का लागला तर माणूस जातो. शेडमध्ये पोरंटोरं फिरत असतील. इंजिन बंद करण्याआधी अवजार जमिनीवर, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

वागळेफिटर:
मामांचं शंभर टक्के खरं. आणि लिफ्ट रात्रभर उभी राहते म्हणजे सिलिंडरचं सील धरतंय. मग ते किट कशासाठी टाकायचं? मिस्त्रीला हे विचारा.

घोडबंदर_ग्रीन:
मालक, जुन्यात पैसे घालू नका. महाडीबीटीवर (राज्याच्या अनुदान पोर्टलवर) कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज भरा, अनुदानात नवीन ट्रॅक्टर बसतो. कागद तयार ठेवा.

बारवीकाठ:
दादा, मला आत्ता चिखलणी करायचीय. अर्जाचं नंतर बघू.

भातसा_पाटील:
तेल कोणतं टाकता? ९० नंबरचं गिअर ऑइल टाका. घट्ट असतं, गळती आपोआप कमी होते.

वागळेफिटर:
हे करू नका. घट्ट तेलाने फाटलेलं सील शिवलं जात नाही. उलट पंपाला ते ओढायला जड जातं. ट्रॅक्टरच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच टाका.

भातसा_पाटील:
आमच्या शहापुरात निम्मे ट्रॅक्टर ९० वर चालतात. पुस्तकं लिहिणारे चिखलात उतरत नाहीत.

वागळेफिटर:
चालतात, मान्य. पण इथे ट्रॅक्टर चालत नाही अशी तक्रारच नाही, गळतोय ही आहे.

कळवा_सर्व्हिस:
गळती शोधायला हात फिरवू नका कुणी. टिपिंग ट्रॉलीचा होज असेल तर विशेष सांभाळा. दाबाखालच्या बारीक भोकातून तेल थेट कातडीत घुसतं. वरून टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, पण हात गमवायची वेळ येते. असं झालं तर घरी न थांबता थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि तेल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगा. तपासायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

बारवीकाठ:
ट्रॉली साधी आहे, होज नाही. काल गावी जाऊन मागचं सगळं डिझेलने धुतलं, कोरडं केलं, वर टाल्कम पावडर मारली. सकाळी बघितलं तर झाकण कोरडं, पीटीओ कोरडा. ओघळ आहे डाव्या चाकाच्या आतून, ब्रेकच्या ड्रमखाली. तेल ताकासारखं पांढरट. आणि डावा ब्रेक लागतच नाही, पण ते बरेच दिवसांपासून आहे, म्हणून लिहिलं नव्हतं.

वागळेफिटर:
हेच तर पहिल्या दिवशी हवं होतं! हा हायड्रॉलिकचा दोष नाही. डाव्या अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलंय. गेल्या पावसाळ्यात केजव्हील (चिखलासाठीचं लोखंडी पट्ट्यांचं चाक) लावून चिखलणी केली होती ना? चिखल सीलच्या ओठात जातो आणि ते खातो. मग तिथून तेल बाहेर ड्रममध्ये आणि पाणी आत. पांढरट रंग पाण्याचा.

लिफ्टला हात लावू नका. काम असं: पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, जॅकने उचलून मजबूत घोडीवर ठेवा, नुसत्या जॅकवर अजिबात काम करू नका. चाक काढा, ड्रम काढा, अ‍ॅक्सल बेअरिंगसकट बाहेर ओढा. शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) निघतील त्या क्रमाने तारेत ओवून ठेवा, त्यावर अ‍ॅक्सलचा प्ले (आत-बाहेर किती हलतो ते) ठरतो. बेअरिंगची कॉलर घट्ट बसवलेली असते, हातोडीने ठोकू नका. अंबरनाथ एमआयडीसीत प्रेस असलेल्या वर्कशॉपात न्या, तुम्हाला तेच जवळ. सील आतलं आणि बाहेरचं दोन्ही बदला, जुन्यावर नंबर कोरलेला असतो, तो दाखवून घ्या. तेल प्यायलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरू नका, नवीनच टाका.

कळवा_सर्व्हिस:
ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारं भोक) पण बघा. चिखलाने बुजला असेल तर गरम झाल्यावर आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळायला लागतं. लोक इथेच फसतात.

कुळगावचा_मामा:
आणि तोवर ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नको रे बाबा. एक ब्रेक धरतो, एक नाही, अशात दोन्ही पेडल जोडून दाबलेस तर गाडी एका बाजूला फिरेल. भरली ट्रॉली मागे असली तर बघायलाच नको.

कोपरखैरणे_४३:
ट्रॅक्टरचं पासिंग एमएच ०५ का? विकायचा असेल तर मला सांगा.

बारवीकाठ:
विकायचा नाही.
ड्रम उघडला. सील फाटलेलं आहे, लायनर तेलात भिजलाय. पण शाफ्टवर सील बसतं तिथे चर पडलीय, नखाला लागते. नवीन शाफ्ट घ्यावा लागेल का? आणि तेल सगळं काढायचं की वरून भरलं तर चालेल?

वागळेफिटर:
शाफ्ट नको. वर्कशॉपात विचारा, चर झाकणारी पातळ स्लीव्ह बसवून मिळते. ती नाही मिळाली तर सील किंचित आत-बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो, पण तेवढी जागा आहे का ते आधी मोजा.
तेल सगळंच काढा. आधी थोडा चालवून गरम करा, मग खालचे बूच उघडा आणि रात्रभर निथळू द्या. आतली जाळी धुवा. नवं तेल भरून थोडं काम झालं की डिपस्टिक बघा, परत पांढरट दिसलं तर अजून एकदा बदलावं लागेल. पाण्याचं तेल पंप आणि बेअरिंग दोघांनाही खातं.

भातसा_पाटील:
पंपही बघून घ्या एकदा, उघडलंच आहे तर.

वागळेफिटर:
पाटील, चाक उघडलंय, लिफ्ट नाही.

बारवीकाठ:
अ‍ॅक्सल अंबरनाथला टाकला, शनिवारी मिळेल. उजव्या बाजूचं सील आत्ताच बदलून घेऊ का? तिकडे ओल नाही.

वागळेफिटर:
केजव्हील दोन्हीकडे होतं. यंदाही चिखलणी करणार असाल तर घ्या बदलून, पण डावं पूर्ण बसवून झाल्यावरच उजवं उघडा. दोन्हीकडच्या शिम एकत्र झाल्या तर जुळवणं अवघड जाईल.