‘घरघर लागणे’: शेवट अटळ असेल तेव्हाच हा शब्दप्रयोग करावा का?

दादरकर (चर्चेचा प्रस्ताव)

मुंबईतली एखादी संस्था अडचणीत आली, की तिला ‘घरघर लागली’ असे लिहिण्याचा प्रघात आपल्या वर्तमानपत्रांत पडला आहे. मराठी शाळा, बेस्ट, एकपडदा चित्रपटगृहे, वाचनालये, गिरगावातल्या खाणावळी अशा निरनिराळ्या कारणांनी खंगलेल्या गोष्टींना हे एकच निदान सरसकट लावले जाते. घरघर म्हणजे मरणाला टेकलेल्या माणसाच्या घशातून श्वासाबरोबर येणारा आवाज. तो सुरू झाला, की घरातली माणसे औषधाची बाटली बाजूला ठेवतात, तोंडात गंगाजल घालतात आणि गावाकडच्या नातलगांना निरोप धाडतात. हा शब्द वापरणे म्हणजे उपचार थांबवल्याचे जाहीर करणे होय, आणि म्हणूनच ज्याचा शेवट खरोखर टळणारा नाही त्यालाच तो लावावा, असे माझे म्हणणे आहे.

ऱ्हासासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. ‘उतरती कळा लागली’ म्हणताना चंद्राच्या कला मनात असतात आणि वद्य पक्षामागून शुद्ध पक्ष येतोच. ‘ग्रहण लागले’ म्हटले, की ते सुटणार हे गृहीत असते. साडेसातीलाही मुदत आहे. परतीची वाट मोकळी ठेवणारे हे शब्द हाताशी असताना आपण थेट घरघरीवर का उतरतो?

मराठी शाळांच्या बाबतीत याचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. जूनच्या तोंडावर असा मथळा वाचलेला पालक मुलाचे नाव त्या शाळेत घालायला कचरतो. पट घटला, की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, ती पदे कमी होतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे इयत्ता पाच आणि शिकवणारे दोन. मग एकाच खोलीत फळ्याचे दोन भाग करून दोन इयत्ता बसवाव्या लागतात, आणि ते पाहून उरलेले पालकही दाखला काढून नेतात. शेवट अटळ आहे असे सांगण्यानेच तो जवळ येतो, याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर नाही का?

लालबागकर

मला हे मत मान्य नाही. आपण शब्दाला दोष देत आहात, पण माझ्या अनुभवाने जास्त नुकसान केले ते मवाळ शब्दांनी. माझे वडील कापड गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा आमच्या चाळीत कोणालाही गिरणी संपेल असे वाटले नव्हते. ‘जरा तणातणी आहे, मिटेल’ हीच भाषा होती. गणपती आले, दिवाळी आली, घरातली भांडी सावकाराकडे गेली, तरी गिरणी पुन्हा सुरू होणार या भरवशावर लोक गावाहून परत येत राहिले. यंत्रे जुनाट झाली होती, भिवंडीच्या यंत्रमागांकडे काम सरकत होते, ही लक्षणे संपाच्या कितीतरी आधीची होती. त्या वेळी कोणी स्पष्टपणे ‘घरघर लागली आहे’ असे म्हटले असते, तर निदान काहींनी मुलांना वेळीच दुसऱ्या धंद्याला लावले असते. कठोर शब्द ऐकल्यावर माणूस सावध होतो, आणि उतरत्या कळेचे नाव घेऊन त्याला आशेवर बसवणे हे मला अधिक निर्दय वाटते.

परळकर

मी परिचारिका आहे आणि हा आवाज माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून दोघांनाही थोडी माहिती देते. गिळण्याची शक्ती गेल्यावर लाळ आणि कफ घशात साचतो आणि त्यातून श्वास जाताना तो आवाज होतो. नातेवाईक घाबरून ‘काहीतरी करा’ म्हणतात. आम्ही रुग्णाला कुशीवर वळवतो, उशी सारखी करतो. पुष्कळदा तेवढ्याने आवाज कमी होतो, पण त्यामुळे मरण लांबत नाही. त्या अवस्थेतल्या माणसाच्या बाबतीत दादरकरांचा अर्थ बरोबर आहे.

मात्र सर्दीने बेजार झालेल्या तान्ह्या बाळाची छातीही घरघरते, दमेकऱ्याचीही घरघरते, आणि आमच्या आजीच्या तोंडी तर जात्याचीही घरघर असायची. त्यांपैकी कोणीही मरायला टेकलेले नसते. मरणाचा अर्थ मुख्यतः ‘लागणे’ या क्रियापदाने आणला आहे, आणि तोही पुरेसा वाटत नाही म्हणून लोक ‘अखेरची घरघर’ म्हणतात. नुसत्या घरघरीत शेवट पक्का असता, तर ‘अखेरची’ हे विशेषण जोडण्याची गरज का पडली असती?

दादरकर

परळकरांचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, तरी बाळाची छाती ‘घरघरते’, तिला ‘घरघर लागली’ असे कोणतीही आई म्हणणार नाही, आणि कोणी म्हटले तर घरातली वडील माणसे तिला तिथेच गप्प करतील. ‘अखेरची’ हे विशेषण मला शब्द झिजल्याची खूण वाटते. शाळेपासून खाणावळीपर्यंत सगळ्यांना घरघर लावून झाल्यावर खऱ्या घरघरीसाठी वेगळे विशेषण शोधावे लागले, इतकेच.

लालबागकरांच्या वडिलांच्या पिढीने जे सोसले त्याबद्दल मला आदर आहे, पण गिरण्यांचे उदाहरण माझ्या बाजूने जाते असे मी नम्रपणे सांगेन. घरघर आपोआप लागते. तिला कर्ता नसतो. गिरणगावाचे जे झाले त्याला कर्ते होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली, त्यामुळे सार्वजनिक वाटे आक्रसले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. यातला प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी सहीने पार पडला आहे. ‘गिरण्यांना घरघर लागली’ या वाक्यात त्या सह्या कुठेच दिसत नाहीत, आणि माझा खरा राग यावर आहे.

कुर्लेकर

मी दादरकरांशी सहमत आहे, आणि बेस्टचे उदाहरण देतो. बेस्टची घरघर मी कित्येक वर्षे वाचतो आहे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले आणि प्रवासी परत आले. कुर्ला स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेतली माणसे बसथांब्यावर उभी राहू लागलेली मी पाहिली आहेत. मरणासन्न माणूस तीन रुपयांनी उठून बसत नाही. पुढे मे २०२५ मध्ये तेच भाडे दहा रुपये झाले, मालकीच्या गाड्यांचा ताफा घटत राहिला, हेही खरे आहे. पण हे सारे निर्णय आहेत आणि निर्णय फिरवता येतात. उलट ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तिच्या आधीच्या काळाला घरघर म्हणावे. रूळ उखडायचेच ठरले होते.

लालबागकर

ट्रामचे रूळही कोणाच्या तरी निर्णयानेच उखडले, मग तिथे हा शब्द चालतो आणि गिरण्यांना चालत नाही, हे मला पटत नाही. सह्या कोणाच्या होत्या हे लिहायलाच हवे, त्यात माझा वाद नाही. पण ज्या कामगाराच्या हातात सही करण्याचा अधिकार कधीच नव्हता, त्याच्या जागेवरून पाहिले तर ते अटळच होते. त्याला कोणी विचारले नाही, त्याला थांबवता आले नाही. त्याच्या वारसांपैकी कितीतरी जण आजही म्हाडाच्या सोडतीत आपले नाव शोधत आहेत. अटळ कोणासाठी, हे आधी ठरवावे आणि मग शब्द निवडावा. शाळांच्या बाबतीत मात्र मी आपली सूचना स्वीकारतो, कारण मुलाचे नाव कोणत्या शाळेत घालायचे हे अजून पालकाच्या हातात आहे.