टूल कधी वापरू नये, तेही लिहा

एआय एजंटला (स्वतःहून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला) आपण टूल, म्हणजे एकेक ठरावीक काम करून देणारी फंक्शन्स, वापरायला देतो. टूलचं नाव नेमकं हवं, हे तर आहेच. पण एजंट जास्त गोंधळतो तो दोन सारख्या टूलमधून एक निवडताना. 'ऑर्डर शोधा' आणि 'ऑर्डरची यादी' शेजारी असतील, तर टूलच्या वर्णनातच स्पष्ट सांगा: 'ऑर्डर क्रमांक माहीत असेल तरच वापरा, नसेल तर आधी यादी मागवा.' पॅरामीटरचंही (टूलला द्यायच्या माहितीचंही) तेच. नुसतं 'तारीख' लिहिलं तर ०३/०४ असं काहीही येऊ शकतं, म्हणून '२०२५-०४-०३, वर्ष आधी' असा नमुना द्या. आणि काहीच सापडलं नाही तर रिकामी यादी मिळते की एरर, हे कृपया लिहाच (हे बहुतेक जण गाळतात). नाहीतर एजंट तेच टूल पुन्हा पुन्हा चालवत बसतो.