रंगीत चित्र दिलंत, रंगांची पट्टी कुठाय?

काचपट्टी (यवतमाळ जिल्हा)

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासतोय. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात साधा सूक्ष्मदर्शक, आयपीसला टेकवलेला मोबाइल आणि फिजी एवढंच सामान. (फिजी म्हणजे चित्रांवर मोजमाप करायचं इमेजजे हे सॉफ्टवेअरच, प्लगइन म्हणजे जोड-साधनं भरून दिलेलं, फुकट.) तेवढ्यात पोरं चांगलं काम करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानाला खालच्या बाजूनं पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सेलोटेपनं अलगद सोलायचं, टेप काचेवर चिकटवायची. पर्णरंध्रांचा ठसा स्वच्छ उमटतो. मग एकेक रंध्र मोजून क्षेत्रफळाप्रमाणे रंग देतात, लहान निळं, मोठं पिवळं.

माझी तक्रार पुढची आहे. चित्र देखणं, पण पिवळं म्हणजे किती? 300 चौरस मायक्रोमीटर की 600? विचारलं तर उत्तर येतं, "सर, खाली लिहिलंय ना." माझं म्हणणं असं की रंगातून आकडा सांगणाऱ्या प्रत्येक चित्रावर कलर बार, म्हणजे कुठला रंग किती ते सांगणारी पट्टी, हवाच, तोही चित्राच्या आत, आकडे आणि एककासह. नसेल तर मार्क कापावेत. बोला.

ओलीत

मार्क कापायची एवढी घाई? चौरस मायक्रोमीटर लिहायच्या आधी स्टेज मायक्रोमीटर (बारीक खुणांची काचेची मोजपट्टी) ठेवून फोटो घेतला होता का ते विचारा. एक मिलिमीटरचे शंभर भाग, एक भाग 10 मायक्रोमीटर. तो फोटो त्याच झूमवर घेतला नसेल, मधेच मोबाइल हलवला असेल, तर पट्टीवरचे आकडे नुसते शोभेचे. पाया कच्चा आणि तुम्ही कळसाचा रंग तपासताय.

दुसरं, बार टाकला की चित्र आरजीबी होतं, म्हणजे पिक्सेलमधले मापाचे आकडे जाऊन नुसते लाल-हिरवे-निळे रंग उरतात, त्यावर पुन्हा मोजता येत नाही. शिवाय कोपऱ्यातली चार रंध्रं त्याच्याखाली झाकली जातात. त्यापेक्षा चित्राखालची ओळ बरी.

काचपट्टी

स्टेज मायक्रोमीटरचं शंभर टक्के मान्य, पण तो वेगळा गुन्हा. एका चुकीमुळे दुसरी माफ होत नाही.

आरजीबीचं मात्र अर्धंच खरं. 'ॲनलाइझ'मध्ये 'टूल्स', तिथे 'कॅलिब्रेशन बार'. त्या चौकटीत 'ओव्हरले'वर टिक करा. पट्टी चित्रावर तरंगते, खालच्या पिक्सेलना हात लागत नाही. मूळ टिफ फाइल ठेवा जपून, अहवालात टाकायची पीएनजी फाइल वेगळी काढा. क्रम मात्र पाळा, कारण आरजीबी केलेल्या चित्रावर ही पट्टी येतच नाही. रंध्रं झाकायची नसतील तर आधी 'कॅनव्हास साइझ'मधून उजवीकडे कोरी जागा वाढवून घ्या.

आणि खालच्या ओळीचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चित्र तेवढं कापून व्हॉट्सॲपवर जातं, ओळ राहते अहवालात.

ठेचा भाकर (वाशीम)

राजेहो, मले नाई पटलं. मी शेतकऱ्यायच्या मेळाव्यात असेच फोटो दाखोतो. "हे ओलिताचं पान, हे कोरडवाहूचं, पाहा फरक," एवढ्यात मानूस समजते. त्यायले चौरस मायक्रोमीटर काऊन पाह्यजे? पट्टी टाकली का सारे आकडेच वाचत बसतात, पान राह्यते बाजूले. तुमच्या परीक्षेसाठी ठेवा ते, साऱ्यायच्या गळ्यात नका बांधू.

काचपट्टी

भाऊ, मेळाव्यातच तर जास्त फसगत होते. सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर ते प्रत्येक चित्रातलं सगळ्यात लहान रंध्र निळं करतं आणि सगळ्यात मोठं पिवळं. समजा ओलिताच्या पानात 300 ते 600 आहेत, कोरडवाहूच्या पानात 200 ते 400. दोन्ही चित्रं सारखीच निळी-पिवळी दिसणार. 400 चं रंध्र एका पानात पिवळंधम्मक, दुसऱ्यात निळसर. होता तो फरक रंगवतानाच पुसला, आणि तुम्ही लोकांना म्हणताय पाहा फरक!

ठेचा भाकर

मंग एकसारखे रंग लावा ना बावा. पट्टी कायले?

लेबल

ठेचाभाऊंनी नेमकं बोट ठेवलंय. मी या धाग्याच्या विरुद्धच आहे.

वरच्या उदाहरणात दोन्ही चित्रांवर पट्टी लावा, एकीवर 300–600, दुसरीवर 200–400. नियम पाळला, मार्क मिळाले, आणि बघणारा तरी फसणारच. बारीक आकडे ताडून कोण बघतं? नजर रंगावर जाते. तेव्हा आग्रह धरायचा तर समान मर्यादेचा धरा. सेलप्रोफायलर या चित्रं मोजायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्प्ले डेटा ऑन इमेज' नावाचं मोड्यूल आहे, त्यात हाच प्रश्न विचारलेला असतो: मर्यादा या चित्रातल्या मापांवरून घ्यायच्या की हातानं द्यायच्या. तुलना करायची असेल तर हातानंच द्यायच्या. फिजीत मॉर्फोलिबजे हे प्लगइन घालून 'असाइन मेजर टू लेबल' केलंत तर रंध्रांच्या जागी थेट क्षेत्रफळाचे आकडे बसतात. मग 'ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट'मधल्या 'सेट' बटणानं किमान-कमाल टाका, दोन्ही चित्रांना तेच. कॅलिब्रेशन बार तेच आकडे उचलतो.

आणि 'प्रत्येक रंगीत चित्राला पट्टी' हा नियम पोरं कसा पाळतील सांगू? एकमेकांना चिकटलेले कण वेगळे दिसावेत म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येकाला कुठलाही रंग देतं. त्या रंगाला मोजमापाचा अर्थच नसतो. त्यालाही हौसेनं पट्टी लागलेली मी पाहिली आहे, 0 ते 255, ऐटीत. ते म्हणजे सातबाऱ्यावर पिनकोडांची बेरीज.

काचपट्टी

म्हणून तर "रंगातून आकडा सांगणाऱ्या" असं लिहिलं होतं, पुन्हा वाचा. समान मर्यादा हवी, कबूल. पण ती पाळली की नाही हे मला पट्टीशिवाय कळणार कसं? पोरगा म्हणेल पाळली.

झेरॉक्सवाला

तुम्ही मर्यादेवर भांडा, इकडे अहवाल काळ्या-पांढऱ्यात छापून येतात. निळा-हिरवा-पिवळा-लाल तो 'जेट' नावाचा रंगक्रम घेतात, आणि झेरॉक्समध्ये गडद निळा आणि गडद लाल दोन्ही एकच काळपट करडे. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं रंध्र सारखं! पट्टीसुद्धा दोन्ही टोकांना काळी, मधे पांढुरकी. काय वाचणार? 'व्हिरिडिस' घ्या, गडदाकडून उजळाकडे सरळ चढत जातो, झेरॉक्सातही चढ राहतो. आलेख काढायच्या मॅटप्लॉटलिब या सॉफ्टवेअरनं 2.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, जेट सोडून तोच मूळचा म्हणून धरला. फिजीच्या यादीत 'एमपीएल-व्हिरिडिस' नावानं आहे. वर्गात लाल-हिरव्याचा गोंधळ होणारा एखादा पोरगा असेल, त्याचंही भागतं.

ओलीत

हे मात्र बरं सांगितलं. माझी अट एवढीच की तुलनेच्या चित्रांना मिळून एकच पट्टी ठेवा, बाजूला, मोठ्या अक्षरात. चार चित्रांवर चार बारीक पट्ट्या नकोत.

काचपट्टी

चालेल. एकच पट्टी असली तर मर्यादा समान ठेवावीच लागते, लेबलरावांचंही काम झालं. मार्क मात्र कापणार.

ठेचा भाकर

मेळाव्यात मी पट्टी लावीन, पन आकडे दोनच, खालचा अन वरचा. एक सांगा, मर्यादा 200 ते 600 ठेवली अन एखादं रंध्र 700 चं निंघालं त?

लेबल

ते 600 च्याच रंगात दिसेल. म्हणून वरच्या टोकाला '600 आणि त्याहून जास्त' असं लिहा.