दुर्बिणीआधी वही

आठवी-नववीच्या मुलांचं आकाशदर्शन मंडळ काढायचंय, पण दुर्बिणीसाठी शाळेकडे पैसे नाहीत म्हणून अडलंय, असं तुम्ही म्हणता. माझं ऐका, पहिलं वर्ष दुर्बिणीवाचूनच काढा. आधी नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखता यायला हवं: मृग, व्याध, रोहिणी, सप्तर्षी. कृत्तिकेत किती तारे दिसतात ते प्रत्येकाने मोजून वहीत लिहायचं. कुणाला सहा दिसतात, कुणाला आठ, आणि मग जी चर्चा पेटते ती वर्गात कधीच होत नाही! कुणाच्या घरी १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, असली तर कोपर कठड्यावर टेकवून गुरूचे चंद्रसुद्धा दिसतात.

जूनमध्ये मात्र सुरू करू नका. चार महिने ढग, तोवर उत्साह विरतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर अमावास्येजवळचा शनिवार धरा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्याला पालकांनाही बोलवा. रात्री मुलींना कसं पाठवायचं, हा मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न असणार. पालक सोबत असले की तो बराचसा सुटतो.

पुण्याजवळ असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत, म्हणजे हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेत, जाऊन बोला, १९४४ पासून ही मंडळी हेच काम करताहेत.

आणि नोंदवही शिक्षकांच्या कपाटात ठेवू नका. ती नववीतल्या मुलांकडे असू दे, दहावीत जाताना त्यांनीच ती आठवीच्या हाती द्यावी.