तुमचा पहिला फायकस बोन्साय: जगला की गेला?

गच्चीवाली_माई
आज सोसायटीत प्लंबर आलाय, चौथ्या मजल्याच्या पाइपात उगवलेला पिंपळ काढायला. तीनदा छाटला तरी परत येतो मेला. ना माती ना खत. ते बघताना मला माझा फायकस, वड-पिंपळाच्याच कुळातला बोन्साय, आठवला आणि चक्क गलबलून आलं. २०१४ ला ऑफिस सोडताना निरोपाला मिळालेला, जाड फुगीर मुळांचा, तो जिनसेंग म्हणतात ना तसला. हौसेने टीव्हीशेजारी ठेवला, बरोब्बर एसीखाली. आठ दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली, मला वाटलं तहानलाय, म्हणून रोज पाणी, तर अजून गळाली, मग अजून पाणी. शेवटी नुसत्या काटक्या. सासूबाई म्हणाल्या वाळकं झाड घरात ठेवू नये, दिला कचऱ्याच्या गाडीत. खूप नंतर कळलं की जागा बदलली की फायकस रुसून पानं टाकतोच, आणि फांदी नखाने खरवडून बघायची असते, आत हिरवं दिसलं तर जिवंत. मी खरवडून बघितलंच नाही हो. लिहा तुमचेही अनुभव.

आळशी_माळी
माई, सकाळी सकाळी रडवलंत. माझापण असाच बोडका झालेला पण मी काहीच केलं नाही, खिडकीच्या ग्रिलवर ढकलला आणि विसरलो. दीड महिन्याने आई म्हणाली अरे याला कोंब आलेत. माझ्या आळसाचा आयुष्यात झालेला एकमेव फायदा.

मुलुंडची_मावशी
पाण्याचं म्हणाल तर आइस्क्रीमची लाकडी काडी मातीत खुपसून ठेवायची, दहा मिनिटांनी काढायची, ओलसर आली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी आली की अख्खी कुंडी टबात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढून निथळत ठेवायची. आणि ते वर गोंदाने चिकटवलेले पांढरे गोटे असतात ना ते आधी उपटून फेका, पाणी खाली उतरतच नाही त्याने, माझा पहिला त्यातच गेला. कुकर झाला, येते नंतर.

रोजची_८_१४
मी दादरहून सेकंड क्लासमधून मांडीवर घेऊन आणला होता. शेजारच्या काकू कुर्ल्यापर्यंत विचारत होत्या हे मोठं कधी होणार, मी म्हटलं होणार नाही, तर म्हणे मग पैसे कशाला दिलेस. उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये.

चष्मेवाली
माई प्लंबरचा नंबर मिळेल का?? आमच्याकडे बाथरूमच्या भिंतीतून ठिबकतंय

परळकर
आमच्याकडे वटपौर्णिमेला मजल्यावरच्या पाच बायकांनी माझ्या फायकसला सात सात फेरे सूत गुंडाळलं. मी म्हटलं अहो वड नाही हा, नांद्रुक आहे, फायकस मायक्रोकार्पा. तर म्हणे एकाच घराण्यातले ना? आता खरंच आहेत, वड, पिंपळ, उंबर सगळे फायकसच, मी गप्प. निदान त्यासाठी बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकतात त्या तरी वाचल्या. सूत काढायचं मात्र विसरलो. पावसाळ्यात हे झाड अंगाने भरतं, दोन महिन्यांनी बघतो तर खोडात खाच. फांद्यांना वळण द्यायला अॅल्युमिनियमची तार लावतात त्यांनीही लक्ष ठेवा, दर आठवड्याला बघायचं, रुतायला लागली की कटरने तुकडे करून काढायची. उलटी सोडवायला जाल तर फांदी मोडेल, हेही माझ्याच हातून झालंय. बाकी पावसात त्याला बाहेर ठेवा, दमट हवेत बारीक पारंब्या सुटतात, एसीच्या खोलीत नाव नको.

रोजची_८_१४
@परळकर सात जन्म तोच नवरा आणि तोही बोन्साय 😂

हळदीची_कैरी
मला पिठ्या ढेकणाने छळलं. कापसासारखं पांढरं पांढरं, मला वाटलं धूळ. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपला, मग कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी दर आठवड्याला. छाटताना पांढरा चीक येतो तो हाताला लागून मला खाज सुटते, ग्लोव्हज घाला. सोफ्यावर पडला तर डाग जात नाही, नवऱ्याला अजून माहीत नाही, इथे वाचत नसेल अशी आशा.

चष्मेवाली
नंबर???

मुलुंडची_मावशी
आले. माती बदलायची तर पावसाच्या तोंडावर. नर्सरीवाला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ठासून देतो, त्यात मुळं कुजतात. विटांचे बारीक तुकडे मिसळा. मी राणीबागेच्या प्रदर्शनात बोन्साय बघून आले आणि त्याच जोशात अर्ध्याहून जास्त मुळं कापली, कापलेलं झाड भर उन्हात ठेवलं. पुढचं विचारू नका.

गच्चीवाली_माई
सगळ्यांनी मन हलकं केलंत. प्लंबरला सांगितलं, मुळासकट निघाला तर फेकू नकोस, वर आण. आणलाय त्याने, वीतभर मूळ आलंय. जुन्या स्टीलच्या परातीला भोकं पाडली तर चालेल का?

परळकर
भोकं मोठी पाडा, वर जाळी टाका. पण माई, पिंपळ घरात? सासूबाई काय म्हणतील, त्यावर मुंजा असतो.

आळशी_माळी
परातीत मावेल एवढाच असेल तो, राहू द्या.

चष्मेवाली
म्हणजे प्लंबर अजून तिथेच आहे ना?? नंबर विचारा ना माई